‘शाळेत जाऊन धंदा येतो का?’ : घरच्या धंद्याचं शिक्षण, सिन्नरच्या एका शेडमधून

बसमध्ये असाल, इयरफोन घरी राहिला असेल किंवा शेजारी पप्पा बसलेत म्हणून आवाज लावता येत नसेल, तर हा लेखी भाग तुमच्यासाठी. बोलताना होणारं ‘अं’ आणि ‘म्हणजे’ तेवढं काढलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे घरचा धंदा चालवणाऱ्यांसाठीचं मॅनेजमेंट शिक्षण. नाव जड आहे, पण सुरुवात कुठल्या कॅम्पसवर करत नाही. माळेगाव एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये करते.

आमची शेड, आमची अडचण

आमची फर्म पप्पा आणि काका या दोघांची पार्टनरशिप. दोन व्हीएमसी, तीन लेथ, एक म्हातारं ड्रिलिंग मशीन आणि चौदा कामगार. नाशिक आणि चाकणच्या कंपन्यांना आम्ही पार्ट बनवून देतो. काकांचा मुलगा, म्हणजे दादा, डिप्लोमा करून शॉपफ्लोअरवर उभा राहिला. मी बी.कॉम. झाले आणि गेली चार वर्षं ऑफिस बघते. टॅली, जीएसटी रिटर्न, चलनं आणि महिन्याच्या शेवटी ‘सर, पेमेंटचं काय झालं?’ हे फोन, सगळं माझ्याकडे.

गेल्या वर्षी काकांची अँजिओप्लास्टी झाली. आता बरे आहेत, पण तीन आठवडे घरी होते आणि त्या तीन आठवड्यांत आमची झोप उडाली. कुठल्या कस्टमरला कुठला रेट, कोणाला किती सूट, कुठल्या सप्लायरला तोंडी काय कबूल केलंय, सगळं काकांच्या डोक्यात! कागदावर काहीच नाही. दोन कोटेशन आम्ही अंदाजाने पाठवली. एक इतकं कमी गेलं की ऑर्डर मिळाली आणि प्रत्येक पीसमागे पैसे आमच्याच खिशातून गेले.

मग मी रात्री मोबाईलवर शोधायला लागले. घरच्या धंद्यातल्या पोरांसाठी मोठमोठ्या संस्थांचे खास कोर्स असतात, हे तेव्हा कळलं. सकाळी पप्पांना दाखवलं आणि म्हटलं, ‘आपण दादाला पाठवूया.’

पप्पांनी चष्मा वर केला, स्क्रीन बघितली आणि म्हणाले, ‘शाळेत जाऊन धंदा येतो का? आम्ही कुठल्या शाळेत गेलो होतो?’

प्रश्न चुकीचा नाही. सिन्नर म्हणजे कमी पावसाचा तालुका. कितीतरी घरांत बायका अंगणात बसून विड्या वळायच्या आणि त्यावर चूल पेटायची. भिकुसा यमासा क्षत्रिय हे नाव आजही इथल्या जुन्या माणसांना विडीवरूनच आठवतं. मग माळेगावची एमआयडीसी आली, मुसळगावची सहकारी औद्योगिक वसाहत आली आणि शेतकऱ्याची पोरं लेथवर उभी राहिली. पप्पा आणि काका दुसऱ्यांच्या कारखान्यात नोकरी करता करता शिकले. तीच त्यांची शाळा. मग आमच्या पिढीला वेगळी शाळा कशाला हवी?

मी याचं उत्तर शोधत गेले. जे सापडलं ते सांगते.

घरच्या धंद्यात वेगळं काय असतं?

साध्या कंपनीत साहेब हा फक्त साहेब असतो. आमच्याकडे साहेबच काका असतात आणि संध्याकाळी त्यांच्याच ताटाशेजारी ताट असतं. दुपारी रेटवरून वाजलं की रात्री भाजीत मीठ कमी पडतं!

हा गुंता उलगडून दाखवणारं एक चित्र आहे. १९७८ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये रेनाटो टाग्युरी आणि जॉन डेव्हिस या दोघांनी ते मांडलं. जगभर घरच्या धंद्याचा बहुतेक प्रत्येक कोर्स आजही त्याच चित्राजवळ येतो. तीन वर्तुळं काढायची, एकमेकांत थोडी शिरलेली. पहिलं कुटुंबाचं, दुसरं मालकीचं, तिसरं धंद्यातल्या कामाचं. मग प्रत्येक माणूस कुठं बसतो ते लिहायचं.

मी आमच्या चलनाच्या मागच्या कोऱ्या बाजूला काढलं. पप्पा आणि काका मधोमध, कारण तिन्ही वर्तुळं त्यांचीच. आजी, मम्मी, काकू आणि संगमनेरला दिलेली ताई फक्त कुटुंबात. आमचा फोरमन फक्त कामात, वीस वर्षं झाली तरी. दादा आणि मी कुटुंबात आणि कामात, पण मालकीच्या वर्तुळाबाहेर.

चित्र काढल्यावर काय होतं माहितीये? भांडणाचं कारण माणसाच्या स्वभावावरून उठून त्याच्या जागेवर येतं. मशीन घ्यायचं की नाही यावर दादा आणि काका कायम भांडायचे. दादा कामाच्या वर्तुळातून बोलतो, त्याला नवीन व्हीएमसी हवी. काका मालकीच्या वर्तुळातून बोलतात, त्यांना कर्जाचा हप्ता दिसतो. आजी कुटुंबाच्या वर्तुळातून म्हणते, ‘दोघं भाऊ एकत्र राहा म्हणजे झालं.’ आपापल्या जागेवरून तिघंही बरोबर!

आणखी एक गोष्ट दिसली. दादाला पगार नव्हता. लागेल तसे ‘खर्चाला’ घ्यायचा. मलाही तसंच. म्हणजे कुटुंबाचा हिशेब धंद्यात मिसळलेला. त्यामुळे नफा नक्की किती, हे आम्हाला माहितीच नव्हतं.

‘तिसऱ्या पिढीत धंदा बुडतो’ हे खरं का?

तुम्ही रील्समध्ये ऐकलं असेल की फक्त १३ टक्के धंदे तिसऱ्या पिढीपर्यंत टिकतात. हा आकडा येतो जॉन वॉर्ड यांच्या १९८७ च्या पुस्तकातून. त्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातले २०० कारखाने घेतले आणि १९२४ ते १९८४ अशी साठ वर्षं तपासली. त्यातले १३ टक्के त्याच कुटुंबाकडे राहिले होते.

पण नीट ऐका. एका राज्यातले, एका काळातले कारखाने. शिवाय चांगला भाव घेऊन विकलेली किंवा शेअर बाजारात गेलेली कंपनीही या १३ टक्क्यांत बसत नाही. म्हणजे उरलेले सगळे ‘बुडाले’ असं नाही. कोणी हा आकडा दाखवून कोर्स विकत असेल तर घाबरून पैसे भरू नका.

कोर्स कसे असतात?

मुंबईत अंधेरीला एस. पी. जैन इन्स्टिट्यूटमध्ये ‘फॅमिली मॅनेज्ड बिझनेस’ नावाचा कार्यक्रम खास याच पोरांसाठी आहे. त्याची रचना मला आवडली. महिन्यातला साधारण एक आठवडा कॅम्पसवर, उरलेले तीन आठवडे आपल्याच धंद्यात. आज वर्गात उधारीचा हिशेब शिकायचा, सोमवारी शेडमध्ये येऊन आपल्या वहीवर लावायचा आणि पुढच्या महिन्यात काय झालं ते सांगायचं. बंगळूरच्या आयआयएममध्ये उद्योजक आणि कौटुंबिक व्यवसायांसाठी वेगळा कार्यक्रम आहे. हैदराबादच्या आयएसबीमध्येही घरच्या धंद्यातल्या पोरांसाठी पदव्युत्तर कार्यक्रम आहे, आणि याच विषयावर अभ्यास करणारं थॉमस श्मिडहायनी सेंटरही तिथंच आहे. परदेशातलं मोठं नाव म्हणजे हार्वर्डचा ओपीएम, जो मालक मंडळी टप्प्याटप्प्याने पूर्ण करतात.

फी? मोठ्या संस्थांची फी लाखांत जाते आणि दरवर्षी बदलते, त्यामुळे आकडा थेट संस्थेलाच विचारा. पण फीपेक्षा मोठा खर्च वेगळाच असतो. दादा महिन्यातून आठवडाभर गेला तर त्याची मशीन कोण बघणार? जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाल्यापासून सिन्नरहून मुंबई जवळ आली हे खरं, पण सेटिंग करणारा माणूस तिकडे असेल तर इकडे रिजेक्शन वाढणारच.

एवढे पैसे नसतील तर मधले रस्ते आहेत. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची प्रशिक्षणं असतात. नाशिकमधल्या ‘निमा’सारख्या उद्योजक संघटना व्याख्यानं, कार्यशाळा घेतात. माधवराव भिडे यांनी सुरू केलेला सॅटर्डे क्लब तर मराठी उद्योजकांना एकमेकांच्या ओळखीत आणण्यासाठीच आहे. या ठिकाणी डिग्री मिळत नाही, पण आपल्यासारखाच गोंधळ दुसऱ्याच्या घरात कसा सुटला ते ऐकायला मिळतं. मोठ्या कोर्सला जाऊन आलेली पोरंसुद्धा अर्धा फायदा त्याचाच सांगतात.

धडा पहिला : पैसा अडकतो कुठं?

या कोर्समधली सगळ्यात उपयोगी गोष्ट एका कागदावर मावते. आमच्यासारख्याच शेडचे सोपे आकडे घेऊन सांगते.

माल घेतला की तो स्टॉकमध्ये आणि मशीनवर मिळून २० दिवस राहतो. माल गेला की कस्टमर ७५ दिवसांनी पैसे देतो. झाले ९५ दिवस. स्टीलवाला आपल्याला ३० दिवसांची उधारी देतो. ९५ वजा ३०, म्हणजे ६५ दिवस धंदा आपल्याच पैशावर चालतो. महिन्याचा खर्च १२ लाख धरला तर दिवसाचे ४० हजार. ६५ गुणिले ४० हजार म्हणजे २६ लाख रुपये कायम अडकलेले. बँकेच्या सीसीवर ११ टक्के व्याज धरलं तर वर्षाला २ लाख ८६ हजार. ऑर्डर भरपूर, मशीन रात्रंदिवस चालू आणि पगाराच्या तारखेला गल्ला रिकामा, याचं कारण हे.

हाच कस्टमर ४५ दिवसांत पैसे द्यायला लागला तर अंतर ३५ दिवसांवर येतं आणि अडकलेली रक्कम १४ लाखांवर. १२ लाख मोकळे! एकही नवीन ऑर्डर न घेता.

हे ४५ मी हवेतून काढलेले नाहीत. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाला पैसे देण्याची मुदत लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही ते आलं. अशा उद्योगाचं पेमेंट मुदतीत दिलं नाही, तर ज्या वर्षी ते प्रत्यक्षात देतील त्याच वर्षी मोठ्या कंपनीला तो खर्च दाखवता येतो. त्यासाठी आपलं उद्यम रजिस्ट्रेशन हवं. मी आमच्या प्रत्येक बिलावर उद्यम नंबर छापायला लागले. फोनवर आवाज न चढवता दोन कस्टमरचं पेमेंट लवकर यायला लागलं. पप्पा काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी विचारलं, ‘तिसऱ्याच्या बिलावर टाकलास का?’

धडा दुसरा : कागद

इथं आमची खरी परीक्षा झाली. काका घरी आल्यावर आमच्या सीएंनी पार्टनरशिप डीड मागितलं. जुना, पिवळा पडलेला स्टॅम्प पेपर. त्यांनी तो वाचला आणि विचारलं, ‘दोघांपैकी एकाला काही झालं तर पुढं काय?’

१९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ४२ म्हणतं की वेगळा करार नसेल तर पार्टनरच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. आम्ही म्हटलं, मग तसं कलम घालून घेऊ. सीए हसले. पार्टनर दोनच असतील तर ते कलमही कामाचं नाही, कारण एकटा माणूस पार्टनरशिप चालवूच शकत नाही. सुप्रीम कोर्टाने १९६५ मध्ये एका साखर कारखान्याच्या प्रकरणात हेच सांगितलंय. फर्म संपली की बँक खातं थांबवू शकते. मागे राहिलेला भाऊ एकट्याच्या नावावर धंदा चालवायला गेला तर पॅन बदलतो आणि जीएसटी रजिस्ट्रेशन नव्याने घ्यावं लागतं. चौदा घरांचा पगार ज्यावर चालतो तो डोलारा एका कागदावर आणि दोन माणसांच्या तब्येतीवर उभा होता.

आणि हिस्सा कोणाला? मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याने काकांचा हिस्सा काकू, दादा, ताई आणि आजी या चौघांत सारखा वाटला जातो. हो, आजीसुद्धा, कारण आई ही पहिल्या वर्गाची वारस आहे. लग्न झालेल्या ताईचा हक्क दादाइतकाच. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना मुलांइतका जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने तो आणखी स्पष्ट केला. आमच्या घरात हे कोणाला माहिती नव्हतं. मलाही नाही, आणि मी मुलगी आहे!

उपाय एकच होता, तिसरा पार्टनर घ्यायचा. कोण?

सगळ्यांनी दादाकडे बघितलं. मी चलनं लावत बसले होते. तेव्हा दादाच बोलला, ‘माल मी काढतो, पण पैसे ती आणते. घ्यायचं तर दोघांना घ्या.’

आजी म्हणाली, ‘पोरीचं लग्न झाल्यावर हिस्सा परक्या घरात जाईल त्याचं काय?’

मला राग आला. खरं सांगते, खूप आला. पण तिचा प्रश्न अख्ख्या तालुक्याच्या मनात असतो, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं. या कोर्सेसमध्ये त्याचं सरळ उत्तर शिकवतात. बाहेर पडायचा रस्ता आत येतानाच लिहून ठेवायचा. कोणीही पार्टनर बाहेर पडला, मुलगा असो की मुलगी, तर त्याचा हिस्सा आधी उरलेल्या पार्टनरना विकायचा. किंमत कशी काढायची ते आजच ठरवायचं. पैसे किती हप्त्यांत द्यायचे तेही आजच. दादा उद्या कॅनडाला गेला तरी हेच कलम लागू. असं मांडल्यावर आजी गप्प झाली. पटलं असं नाही म्हणणार, पण ऐकून घेतलं.

मोठ्या घरांतही हेच

‘शिकून काय होतं’ म्हणणाऱ्यांना मी किर्लोस्करांचं उदाहरण देते. लक्ष्मणरावांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. त्यांनी मुलाला, शंतनुरावांना, त्या काळात समुद्रापार अमेरिकेत एमआयटीला पाठवलं. १९२६ मध्ये ते मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि परत येऊन त्यांनी धंदा कुठल्या कुठं नेला. म्हणजे बाप कारखान्यात शिकला तरी मुलाला शाळेत पाठवायचं, हे मराठी धंद्याला शंभर वर्षांपूर्वीच सुचलं होतं.

पण त्याच घराण्याची दुसरी बाजूही बघा. पुढच्या पिढ्यांनी २००९ मध्ये लेखी कौटुंबिक करार केला. तरी त्याचा अर्थ काय, यावरून वाद झाला, कोर्टात गेला आणि २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने मध्यस्थीने सोडवा असं सुचवलं. म्हणजे कागद केला की संपलं असं होत नाही. त्या कागदावर दरवर्षी बसून बोलावं लागतं.

मग आम्ही काय केलं?

आधी बिनपैशाची कामं केली. दादाला आणि मला पगार सुरू झाला, बँकेत. खर्चाला घेणं बंद. काकांना शेजारी बसवून सगळे रेट मी एका शीटमध्ये उतरवले, चार रविवार लागले. महिन्याच्या पहिल्या रविवारी नाश्त्यानंतर एक तास धंद्याची बैठक असते. आजीपासून सगळे बसतात, मी लिहून घेते आणि जेवताना धंद्याचा विषय काढायचा नाही. हा नियम पप्पाच सगळ्यात जास्त मोडतात!

मग नाशिकमध्ये एक दोन दिवसांची कार्यशाळा होती. मी दादाचं नाव द्यायला निघाले तर पप्पा म्हणाले, ‘मी येतो.’ साठीचा माणूस पहिल्या रांगेत बसून वहीत तीन वर्तुळं काढत होता. परत येताना शिंदे टोलनाक्यापर्यंत गप्प होते. मग म्हणाले, ‘धंदा शाळेत येत नाही. पण आपण दोघा भावांनी कधी एकमेकांना विचारलंच नव्हतं की पुढं काय. ते तिथं कोणीतरी विचारलं.’

मोठ्या कोर्सचं म्हणाल तर पुढच्या वर्षी आमच्यापैकी एक जण जाईल. कोण ते दादाने आणि मी ठरवायचं, शेड चालू राहिली पाहिजे, एवढीच पप्पांची अट.

नव्या डीडचा मसुदा तयार आहे. चार पार्टनर, चौथं नाव माझं. अजून सही झालेली नाही. काकांनी दिवाळीपर्यंत वेळ मागितलाय, त्यांना ताईशी एकदा समोरासमोर बोलायचंय. मला घाई आहे, पण त्यांचं बरोबर आहे. ताईला न सांगता केलेला कागद उद्या तिच्याच दारात भांडण घेऊन जाईल.

आज रात्री घरी विचारा

तुमच्या घरी दुकान असेल, गिरणी असेल, पोल्ट्री असेल, ट्रान्सपोर्ट असेल, कोर्स शोधण्याआधी हे पाच प्रश्न विचारा.

१. धंदा चालवणारा माणूस उद्या तीन आठवडे झोपून राहिला, तर रेट, उधारी आणि पासवर्ड कोणाला माहिती आहेत?

२. पार्टनरशिप डीड कुठं आहे आणि पार्टनर किती आहेत?

३. घरातल्या जो कोणी काम करतो त्याला पगार आहे की ‘खर्चाला’?

४. तुमचा पैसा किती दिवस अडकतो? स्टॉकचे दिवस अधिक कस्टमरचे दिवस, वजा सप्लायरचे दिवस.

५. घरातल्या मुलींचं नाव तीन वर्तुळांत कुठं आहे, आणि ते त्यांना विचारून ठरवलंय का?

एक सूचना : कायद्याचं मी जे सांगितलं ते समजण्यापुरतं. सही करण्याआधी आपल्या सीएला आणि वकिलाला दाखवाच, प्रत्येक घराचे कागद वेगळे असतात.

चलनाच्या मागं तुमची तीन वर्तुळं काढली तर मला नक्की कळवा. दिवाळीनंतरच्या भागात सही झाली की नाही ते सांगते. तोवर काळजी घ्या, आणि काकांचे रेट लिहून घ्या!